भरतीची वही

कोळ्याला भरतीची वेळ सांगायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी पूर्ण भरलेलं असतं. द्वितीयेला दीड वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. एकदा दिवसा, एकदा रात्री. अमावास्या-पौर्णिमेला मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग तेवढाच उशिरा चढतो, एवढंच त्या हिशेबाचं मर्म. मुंबईच्या पाण्याला तो ढोबळ अंदाज म्हणून आजही लागू पडतो. ज्याने हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण चंद्र आणि पाणी या दोघांना एका सूत्रात ओवायचं, तर दोघांच्याही सहवासात आयुष्य काढलेलं असावं लागतं, आणि ते त्याने काढलं असणार.

मला हे कुलाब्याच्या ससून गोदीत कळलं. धक्क्याच्या कडेला, उलट्या टोपलीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांनी, सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं, तर म्हणाले, वाचून दाखव. वाचून दाखवलं. मग म्हणाले, "आज दशमी. सांग बाय, पानी कवा भरंल?" साडेसातला, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि जाळ्याचा तुटलेला डोळा पुन्हा हातात घेतला. परीक्षा संपली होती.

या गोदीत मी लिहायला जाते. त्याला पगार नाही, हुद्दा नाही. काही शिक्षक आणि कोळीवाड्यातली काही शिकलेली मुलं यांच्या मनात आलं की इथे राबणाऱ्या माणसांना जे ठाऊक आहे ते त्यांच्याच शब्दांत कागदावर यावं; गोदी बघायला येणाऱ्या शाळकरी पोरांना वाचता येईल असं, आणि गोदीतल्या माणसांना ऐकून "हे खरं आहे" म्हणता येईल असं. त्यासाठी मराठी लिहिणारं कुणी हवं होतं. मी हो म्हटलं. त्यात उपकार कसला? समुद्राने ज्याला काही दिलं त्याने त्याच्या दारी थोडी चाकरी करावी, इतकीच माझी समजूत आहे.

गोदीपासून फार लांब नाही, त्याच पूर्व किनाऱ्यावर अपोलो बंदर आहे. तिथे 1878 पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली जाते. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. पाणी किती चढलं, किती उतरलं, हे इतकी वर्षं कुणी ना कुणी टिपत आलं, आणि म्हणून आज आपण ठामपणे म्हणू शकतो की मुंबईचा समुद्र हळूहळू वर येतो आहे. त्या नोंदीपुढे मी मनोमन हात जोडते. पण त्याच पाण्यावर ज्यांचं पोट चालतं, ज्यांनी ते अंगावर घेतलं, त्यांची वही कुणी ठेवली नाही. पाण्याची उंची लिहिली गेली, पाण्याचा स्वभाव लिहायचा राहिला. तो तांडेलांच्या तोंडी आहे, मासळी विकणाऱ्या मावश्यांच्या तोंडी आहे, आणि तोंडी असलेलं माणसाबरोबर जातं.

पहाटे गोदीत शिरावं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या दगडी वेशीतून आत गेलं की आधी वास येतो. त्या वासाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो समुद्राच्या श्वासासारखा पवित्र वाटतो. मीठ, बर्फ, डिझेल, ओला दोर, ताजी मासळी आणि कालची मासळी, सगळं त्यात आहे. पायाखाली पाणी वाहत असतं. अंधारात बोटींचे दिवे एकमेकांना खेटून उभे असतात, कारण बोटीच खेटून असतात. धक्क्याला लागायला जागा नाही म्हणून एकीला दुसरी, दुसरीला तिसरी बांधलेली. खलाशी एकीवरून दुसरीवर असे उड्या मारत येतात की मधल्या काळ्या पाण्याची त्यांना ओळखच नसावी. खणाची झाकणं उघडतात, बर्फाच्या चुऱ्यातून मासळी वर निघते, टोपली हातातून हातात फेकली जाते आणि धक्क्यावर रिती होते. मग एकच गलका. लिलाव सुरू. आकडे इतक्या वेगाने हवेत उडतात की नवख्याला त्यातला एकही पकडता येत नाही, आणि मावशी मात्र मानेच्या एका हलक्या झटक्याने अख्खा ढीग आपलासा करून मोकळी होते.

त्या ढिगांकडे थांबून बघावं. पापलेटची चांदी, मांदेलीचं सोनं. सुरमईच्या कुशीवरचे उभे पट्टे. करली, हलवा, रावस, बांगडा, शिंगाळा, लांबलचक वाम. वाकटीची तकतकीत पट्टी, जिला खवले नाहीत आणि जी दिव्याखाली आरशाचं काम करते. जवळ्याचा गुलाबी चिखल, ज्यातला एकेक जीव सुटा करून पाहिला तर काचेचा वाटतो आणि त्याला दोन काळे डोळे असतात.

एकदा नुकत्याच आलेल्या टोपलीत माकूल होता. मी वाकून पाहिलं. त्याच्या कातडीवर तांबूस ठिपके होते आणि ते हलत होते. एक ठिपका फुगायचा, विटकरी व्हायचा, मिटून टाचणीच्या टोकाएवढा व्हायचा. त्याच्या शेजारचा तोवर फुगलेला असायचा. अंगभर असं चाललं होतं. माकुलाच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीला ताणणारे स्नायू असतात. समुद्रात तो त्यांच्या जोरावर वाळूत वाळू होतो, शेवाळात शेवाळ होतो. इथे टोपलीत लपायला काही नव्हतं, तरी शरीर आपलं काम करत राहिलं होतं. शेवटचा ठिपका मिटेपर्यंत मी तिथून हलले नाही. त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं, आणि ते वाचून दाखवलं तेव्हा एक तरुण खलाशी म्हणाला, "हे आम्ही रोज बघतो, पन थांबून नाय बघत." त्याच्या बोलण्यात खंत नव्हती. त्याचे हात कामात होते. थांबून बघणं हे माझं काम, म्हणून तर मला इथे येऊ दिलं आहे.

मग उजाडतं. कुलाब्याचा हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. पश्चिमेचा खुला समुद्र पाठीमागे, पुढे बंदराचं आतलं पाणी आणि पलीकडे उरण-करंजाच्या टेकड्या. मुंबईत सूर्य समुद्रात बुडताना बघायला लोक चौपाट्यांवर गर्दी करतात, पण तो पाण्यावरून उगवताना बघायचा तर या बाजूला यावं लागतं. टेकड्यांच्या कडेला आधी तांबडी रेघ उमटते, बोटींच्या डोलकाठ्या आणि तारा काळ्या होतात, आणि घारी उतरतात. काळ्या घारी तर असतातच, त्यांच्यात ब्राह्मणी घारही असते, पांढऱ्या मानेची आणि विटकरी पंखांची. ती पाण्याला पाय लावून काहीतरी उचलते आणि पाण्यावर साधा तरंगही फारसा उठत नाही. हिवाळ्यात कुरव येतात, हजारो मैलांवरून, उत्तरेकडच्या थंड मुलखांतून. त्याच बंदराच्या वरच्या अंगाला, शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरलेले असतात. एकच पाणी, एकच भरती. शिवडीत ती चिखलावरून सरकते आणि रोहितांना मागे हटवते, इथे बोटी उचलते.

या गोदीचा जन्म 1875 सालचा. बगदादहून परागंदा होऊन मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी ती बांधली. घराण्याचा व्यापार कापसाचा आणि अफूचाही. हे दोन्ही लिहिलं पाहिजे. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, आणि आगबोटीला मुंबईत एकच अडचण होती: पाणी थांबत नाही. मोठ्या उधाणाला इथलं पाणी साडेचार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. आत्ता ज्या उंचीवर धक्क्याला लागून माल उतरवाल, सहा तासांनी तीच बोट खाली खोल गेलेली. त्यावर तोड म्हणजे पाण्याची गोदी: भरतीला दरवाजे उघडायचे, बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, बाहेर ओहोटी लागली तरी आत भरती कोंडलेली राहते. पश्चिम भारतातली अशी ही पहिली गोदी. त्याच वर्षी कुलाब्याच्या दक्षिण टोकाला खडकावर प्राँग्ज दीपगृह उभं राहिलं. पुढे पोर्ट ट्रस्टने उत्तरेला मोठमोठ्या गोद्या बांधल्या, 1880 मध्ये प्रिन्सेस गोदी, 1888 मध्ये व्हिक्टोरिया; मोठ्या आगबोटी तिकडे गेल्या, कापूस गेला, आणि ससून गोदी मासळीची झाली. मला या बदलात देवाचा न्याय दिसतो. कुलाबा मुळात कोळ्यांचा होता. भराव टाकून, वेशी बांधून, व्यापार करून जे आले ते आपापल्या वाटेने गेले आणि गोदी ज्यांच्या पाण्यावर बांधली होती त्यांच्याकडे परत आली.

प्रिन्सेस गोदीची गोष्ट निघाली आहे तर एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती खोदताना, 1878 च्या सुमाराला, समुद्राच्या चिखलाखाली मजुरांना झाडं लागली. एकदोन नव्हे, तीनशेहून अधिक. खैराची. त्यांतली निम्म्याहून जास्त उभी होती, मुळं जमिनीत रोवून, बाकीची आडवी. भरतीच्या पातळीच्या कितीतरी खाली, जिथे आता बोटींचे तळ फिरायचे होते, तिथे एक अख्खं वन आपल्या जागी उभं होतं. पुढे अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतही अशी खोडं सापडली. कधीकाळी तिथे कोरडी जमीन होती, पानं झडत होती, पाखरं बसत होती. मग ती जमीन खचली, समुद्र आत आला, चिखलाने सगळं झाकून घेतलं आणि खैराचं कठीण लाकूड त्या चिखलात टिकून राहिलं. मुंबई ही भराव टाकून समुद्राकडून घेतलेली जमीन, असं आपण येताजाता म्हणतो. समुद्रानेही इथली जमीन घेतली होती, माणसाच्या किती आधी. हे मी गोदीतल्या मुलांसाठी लिहिलं तेव्हा एका पोराने विचारलं, "म्हणजे आपल्या बोटी झाडांवरून जातात?" हो रे बाळा, तिकडून जाताना जात असतील.

आता बोंबलाकडे येते, कारण त्याच्याशिवाय या पाण्याबद्दल लिहिणं म्हणजे देवळात जाऊन गाभारा न बघणं. बोंबील गुजरातच्या सौराष्ट्रापासून आपल्या कोकणाच्या उत्तर भागापर्यंत मुबलक. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो. अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ताजा बोंबील तळहातावर घेतला की सायीसारखा लवतो आणि प्रकाशाकडे धरला तर कणा दिसतो. पण तोंड उघडून पाहावं: मागे वळलेले बारीक, तीक्ष्ण दात ओळीने बसलेले. इतका मऊ जीव शिकारी आहे. जवळ्यावर, लहान मासळीवर तुटून पडतो.

त्याला धरायला डोल लावतात. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं. तोंडाचे डोळे मोठे, मागे मागे बारीक. समुद्रतळाशी खुंट ठोकून त्याला ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. मग माणसाने काही करायचं नाही. पाणी धावतं, पाण्याबरोबर म्हावरं येतं आणि खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या निमुळत्या शेपटात, जाऊन जमतं. भरतीची ओहोटी व्हायच्या आधी थोडा वेळ पाणी निवतं, कुठेच वाहत नाही. त्या वेळात जाळं उचलायचं. उशीर झाला तर प्रवाह उलटतो आणि जाळ्याचं तोंड फिरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, डोल भरते; अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी मंद, पोट जेमतेम भरेल एवढी मासळी. म्हणून कोळीवाड्यात पंचांग केवळ सणावारांसाठी नसतं. घरात पैसा कधी येणार तेही त्यातच बघतात.

इंजिन लावून, जाळं ओढत समुद्र खरवडून काढायचा, असं यात नाही. पाणी येईल तेव्हा येईल, देईल तेवढं देईल. मला ही रीत प्रार्थनेच्या फार जवळची वाटते. जाळं मांडून ठेवणं आणि वाट बघणं, आणि नेमक्या घटकेला जागं असणं.

दिवस वर आला की गोदीचं दुसरं काम सुरू होतं. छपरीखाली बायका ओळीने बसतात, पुढ्यात कोलंबीचा ढीग. कोळणी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. आणि बंजारा बायका आहेत, ज्यांची गावं कर्नाटकात, समुद्रापासून दूर. त्यांच्या आज्यांनी कधी समुद्र पाहिला नसेल. आता त्यांच्या हातांना कोलंबीची प्रत्येक गाठ पाठ आहे. डाव्या हाताने धड धरायचं, उजव्या हाताने डोकं मोडायचं, अंगठ्याच्या नखाने पोटाखालून साल उचलायची, एका ओढीत ती पाठीवरून मागे घ्यायची, शेपूट चिमटीत दाबायची की मांस आपोआप सुटून येतं. वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी आधी ते होऊन जातं. मोबदला वजनावर. नखाच्या कडेला बारीक चिरा असतात, चिरांत मीठ, हातावर बर्फाचं पाणी. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली.

अशाच एक मावशी. मी शेजारी बसून लिहीत होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की ही तुमच्यावर लिहिते आहे. त्यांनी मान वर केली नाही. "लिव," म्हणाल्या, "पन माझं नाव नको लिवू. हाताचं लिव." मी हाताचं लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं, एक कोलंबी सोलायची थांबली नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "बर्फ भाजतो, ते नाय लिवलंस." ते लिहिलं. बर्फ भाजतो. त्या पानावर याहून खरं वाक्य नाही आणि ते माझं नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरून गेली. गोदीत लिहिलेलं गोदीतच वाचून दाखवायचं. ज्याचं आहे त्याने मान डोलावली तरच ते पक्कं. घरी येऊन भाषा सजवायचा मोह होतो. मासळीला रंग असतातच, माझ्या शब्दांचे रंग तिच्यावर चढवायची गरज नसते. तांडेलांनी "वारा फिरला" म्हटलं तर वारा फिरला एवढंच लिहायचं, आणि कुठून कुठे फिरला हे मात्र नीट विचारून घ्यायचं.

मग आगोट येते. मे उतरणीला लागला की आकाशाचा रंग बदलतो, समुद्राचा आवाज जड होतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी गोदीत आणि खाड्यांमध्ये येऊन विसावतात. ज्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे पावसाचं पाणी साचतं आणि त्यात समुद्रबगळा स्वस्थ उभा असतो. पोरं जाळी पसरून बसतात. फाटलेला डोळा शोधायचा, सुई फिरवायची, गाठ मारायची. या दिवसांत सगळ्यांना बोलायला सवड असते आणि माझी वही भरते.

या बंदीला सरकारी कागद आहे, पण तिच्यामागे समुद्राचा स्वतःचा नेम आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, होडी टिकायची नाही. आणि नेमकी हीच कितीतरी जातींच्या मासळीची अंडी घालायची वेळ. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस उल्हास, पाताळगंगा, अंबा अशा नद्यांमधून गाळ घेऊन खाली येतो. बंदराचं पाणी तपकिरी होतं. शहरातल्या माणसाला ते घाण वाटतं. तो गाळ म्हणजे अन्न आहे. त्यातल्या क्षारांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या पाणवनस्पती वाढतात, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर जवळा, जवळ्यावर बोंबील. घाटातल्या कुठल्याशा कड्यावर झडलेलं पान श्रावणात समुद्राच्या ताटात पडतं. मग नारळी पौर्णिमेला कोळी सोनेरी कागदात मढवलेला नारळ पाण्यात सोडतो आणि हात जोडतो. वर्षभर ज्याच्याकडून घेतलं त्याला एक फळ. त्या हात जोडण्यात मागणं असतं, पण त्याआधी आभार असतात. मी त्या दिवशी काही लिहीत नाही. वही पिशवीत ठेवते आणि सगळ्यांबरोबर उभी राहते.

हे सगळं आहे तसं राहील असं कुणी मला सांगितलं तर मी मानणार नाही. म्हातारे तांडेल सांगतात, पूर्वी जाळ्यात म्हावरं यायचं, आता आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या काढाव्या लागतात, मग म्हावरं. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्री प्रखर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने अख्खे थवे उचलले जातात. चार बोटं लांबीचं पापलेट ढिगात दिसतं तेव्हा माझ्या पोटात कालवतं. ते एकदाही अंडी न घालता इथे आलेलं असतं. 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान धरायची नाही. चांगलं केलं. पण कायदा धक्क्यावर येऊन उभा राहत नाही, माणूस राहतो. घेणाऱ्याने लहान पापलेट नाकारलं तर ते पकडणारा दोनदा विचार करेल. हे मी गोदीसाठी लिहिलेल्या फलकाच्या मजकुरात घातलं आहे, मोठ्या अक्षरांत.

2017 साली या गोदीत चित्रकारांचा मोठा मेळा भरला. जुन्या वखारींच्या आत-बाहेर चित्रं झाली, कोळणींचे चेहरे भिंतींवर चढले, एरवी इकडे न फिरकणारं शहर रांग लावून आलं. मला आनंद झाला. ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं त्यांच्याकडे मान उंच करून पाहावं लागलं. तरी माझं मत स्पष्ट आहे: वारसा म्हणून या गोदीचा दगड जपला आणि इथलं काम हलवलं, तर काहीच जपलं नाही असं होईल. घड्याळाचा मनोरा सुंदर आहे, पण त्याच्या खालून पहाटे टोपली घेऊन मावशी गेली पाहिजे. इथे स्वच्छ पाणी हवं, बर्फ हवा, बायकांना बसायला नीट ओटे आणि जवळ न्हाणीघर हवं, गाळ उपसलेला हवा. या सोयी झाल्या की वारसा आपोआप जपला जातो. दीडशे वर्षं ज्या धक्क्यावर काम थांबलं नाही त्या धक्क्याला काचेची पेटी नको.

वाचकहो, तुमच्या जवळ एखादं बंदर असेल. सातपाटी असेल, डहाणू असेल, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला. गोव्यात असाल तर तिथला एखादा धक्का. तिथे लिहिणारं कुणी नसेल. तुम्ही जा. लिलावाच्या वेळी टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नका, फोटो काढण्याआधी विचारा, आणि पहिल्या दिवशी काहीच लिहू नका. मग एखाद्या म्हाताऱ्या तांडेलांच्या किंवा मावशीच्या शेजारी बसा. वाऱ्यांची नावं विचारा, खडकांची विचारा, कोणती मासळी कोणत्या नक्षत्रावर येते ते विचारा. जे लिहाल ते त्यांना वाचून दाखवा आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी ठेवून या. ज्यांनी पोरवयात शिडाच्या होड्या हाकल्या ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या वर्षावर टाकू नका.